चौसष्ट आणि एक्याण्णव

४ फेब्रुवारी, मंगळवार

चौसष्ट आणि एक्याण्णव एकाच घरातले निघाले. आणि ते एकाच घरातले नाहीत!

सकाळी यादी बाहेर पडली तेव्हा वाटलं, चूक माझीच. नेहमी आधी तेच वाटतं. विम्याच्या कचेरीत सव्वीस वर्षं कॉम्प्युटरवर आकडे जुळवले, ती कचेरी बंद झाली, आणि आता बावन्नाव्या वर्षी लोकांच्या पोटातले जिवाणू जुळवतोय. तिथेही चुकायची भीती, इथेही. फरक एवढाच की इथे सगळे मला काका म्हणतात. प्रमुखबाईसुद्धा.

काम तसं सोपं आहे. एकशे वीस माणसं, सगळी साठीच्या पुढची. दर महिन्याला शौचाचा नमुना डबीत आणून देतात. रोज काय खाल्लं ते कागदावर लिहितात, आठवड्याचा कागद सोमवारी आमच्या पेटीत टाकतात. माणसांची नावं मला कळत नाहीत, फक्त नंबर. नमुन्यातले जिवाणू यंत्र वाचतं, आणि माझा प्रोग्राम या माणसाचे जिवाणू त्या माणसाच्या जिवाणूंशी ताडून बघतो. एकाच जिवाणूचे वेगवेगळे वाण असतात — बियाण्याचे असतात तसे. एका छपराखाली राहणाऱ्या, एकत्र जेवणाऱ्या माणसांत तेच ते वाण सापडतात. नवरा-बायको यादीत आपोआप शेजारीशेजारी येऊन बसतात. घरात भांडत असले तरी.

चौसष्ट : बाई, वय ७१. ‘घरात सोबत कोण राहतं?’ — कोणी नाही.
एक्याण्णव : पुरुष, वय ७४. — कोणी नाही.
वस्त्या नदीच्या दोन तीरांना. दोघांत सारखे वाण सव्वीस. लग्नाला चाळीस वर्षं झालेल्या जोडप्यांची सरासरी बावीस!

कुठेतरी पाणी मुरतंय.

दोन अंडी, पाव. उभ्यानेच खाल्लं. ताट घेतलंच नाही.

५ फेब्रुवारी

प्रमुखबाईंना दाखवलं. त्यांनी मान वर न करता सांगितलं, “डब्यांची अदलाबदल झाली असणार. दोघांना काढून टाका, काका.” एप्रिलच्या शेवटी अहवाल जायचाय, त्यांना श्वास घ्यायला फुरसत नाही.

मग सिस्टरकडे गेलो. नमुने त्या गोळा करतात, लोकांना ओळखतात त्या एकट्याच. विचारायला नको होतं! “एकोणीस वर्षं डब्या गोळा करतेय मी. माणूस एक वेळ चुकून दुसऱ्याच्या घरात शिरेल, माझी डबी दुसऱ्या खणात जायची नाही! तुमच्या यंत्राला लागलंय वेड.” तोंड फिरवून हातमोजे घालत बसल्या. मी दारात उभा. शेवटी शीतपेटीची घरघर ऐकत परत आलो.

९ फेब्रुवारी, रविवार

लेकीचा फोन. “बाबा, जेवलात ना?”
“जेवलो गं.”
“काय?”
“भात, डाळ, फ्लॉवरची भाजी, वर काकडी.”
“शहाणे आहात.”

बिस्किटं खाल्ली होती. तीन. एक फुटलेलं धरून साडेतीन.

१० फेब्रुवारी

अदलाबदल नाही! जुने सगळे नमुने पुन्हा चालवले. दोघांत सारखे वाण — ऑगस्टमध्ये दोन, सप्टेंबरला पाच, मग अकरा, पंधरा, एकवीस, सव्वीस. डबी बदलली असती तर एकदम सव्वीस आले असते. हे पायरी पायरीने चढत आलंय. चूक अशी हळूहळू वाढत नाही. (माझ्या बाबतीत वाढते, पण ते वेगळं.)

ऑगस्टमध्ये परके होते. आता नाहीत.

खोलीत कामाची तीन पोरं कानात गाण्याची बोंडं घालून बसलेली. सांगायचं कोणाला? उठलो, पाणी प्यालो, बसलो.

११ फेब्रुवारी

जेवणाचे कागद काढून बघितले. दोघांचे शेजारी ठेवून. हे कागद मीच टाइप करतो, पण टाइप करताना माणूस वाचत नाही, नुसता उतरवतो.

मंगळवार, दुपार.
चौसष्ट : भोपळ्याचं सूप, दोन वाट्या. पाव. मीठ बरोबर होतं.
एक्याण्णव : भोपळ्याचं सूप, दोन वाट्या. पाव. मीठ जास्त.

शुक्रवार, दुपार.
चौसष्ट : वाटाणे, बटाटे, पालक. पेर अर्धं.
एक्याण्णव : वाटाणे, बटाटे, पालक (फार शिजवला). पेर अर्धं.

अर्धं पेर! उरलेलं अर्धं कुठे गेलं ते मी सहा महिने टाइप करतोय आणि मला दिसलं नाही.

प्रत्येक मंगळवार-शुक्रवार असंच. मागे मागे जात राहिलो. हसू येत होतं. मग एकदम हसू थांबलं. आमच्याकडे मीठ मी कधी जास्त म्हटलं नाही. चार वर्षं झाली बायकोला जाऊन. म्हणायला हवं होतं कधीतरी. म्हणजे ती चिडली असती.

१३ फेब्रुवारी

सिस्टरना सगळं दाखवलं, मुख्य म्हणजे चूक त्यांची नाही हे सांगायला. कागदांवरून नजर फिरवली, आणि त्या डबीसारख्या घट्ट बंद बाई खुदकन हसल्या. “लोकांना शेजारचा गुण लागतो. इथे तर वाणच लागला की हो!” मग हळूच म्हणाल्या, “काका, हे पोटात ठेवा. त्यांचं पोट, त्यांची गोष्ट.”

ठेवायला हवं होतं. पण प्रमुखबाईंनी ‘काढून टाका’ म्हटलं होतं, आणि मला ती दोघं काढून टाकवत नव्हती. म्हणून सांगितलं. एवढं एकच कारण — आता हे कागदावर लिहून घेतो, म्हणजे पुढे स्वतःशी खोटं बोलायला नको. शिवाय शाबासकी हवी होती. हेही लिहितो.

शाबासकी मिळाली. प्रमुखबाई खुर्चीतून उठल्या. “काका! दोन एकटी माणसं, दोन घरं, आणि नुसत्या एकत्र जेवणाने — हा तर आपला मथळा आहे!” सिस्टरना सांगितलं, पुढच्या खेपेला दोघांना विचारून घ्या, फॉर्म दुरुस्त करा. सिस्टरनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे.

१८ फेब्रुवारी

बाजारातून भोपळ्याची फोड आणली. सूप केलं. एकट्याला फोड फार होते. तीन दिवस तेच.

२५ फेब्रुवारी

चौसष्टने नाव काढून घेतलं.

सिस्टरनी विचारलं म्हणे, अगदी जपून — “आठवड्यातून कधी कोणाबरोबर जेवता का?” बाईंचा चेहराच उतरला. “कोणी सांगितलं तुम्हाला?” सिस्टर म्हणाल्या, कोणी नाही, नमुन्यात दिसतं. त्यावर त्यांनी डबी पिशवीत परत ठेवली. मग म्हणाल्या, “म्हणजे आता पोटातसुद्धा काही ठेवायची सोय नाही.” मुलगा परदेशात असतो. त्याला कळता कामा नये, एवढंच पुन्हा पुन्हा. सिस्टरनी शपथ घेतली तरी ऐकेनात. तिथल्या तिथे सही केली, डबी तशीच परत घेऊन गेल्या. एक्याण्णवांना मग सिस्टरनी विचारलंच नाही.

सिस्टर मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

२६ फेब्रुवारी

जेवण नाही.

३ मार्च, सोमवार

पेटीत एक्याण्णवांचा कागद. उघडण्याआधी नंबर दोनदा बघितला — वेडेपणा!

मंगळवार : भोपळ्याचं सूप. मीठ कमी.
शुक्रवार : गाजर, वाटाणे, अंडं. सफरचंद अर्धं.

चालू आहे! मी काही मोडलं नाही. नंबर गेला, जेवण राहिलं. संध्याकाळी घरचा जिना चढताना शीळ वाजवली. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी दार उघडून बघितलं. चार वर्षं एका इमारतीत राहतो आम्ही, आज पहिल्यांदा एकमेकांकडे नीट बघितलं. त्यांनी दार लावून घेतलं.

९ मार्च, रविवार

“बाबा, काय खाल्लं?”
“सूप.”
“तुम्ही केलंत?”
“हो. मीठ कमी पडलं.”
ती हसली. मग म्हणाली, “हे खरं वाटतंय. म्हणजे बाकीच्या रविवारी तुम्ही मेन्यूकार्ड वाचता.”
माझीच लेक!

१० मार्च

एक्याण्णव : सूप. मीठ बरोबर.

बरोबर!! सात महिन्यांत पहिल्यांदा.

१७ मार्च

त्यांचा कागद आला. चालू आहे. प्रमुखबाई अहवालात ‘विशेष जोडी’ असा तक्ता घालतायत — वय, वस्ती, एकटे राहतात, सगळं. चौसष्टच्या आधीच्या नमुन्यांना फॉर्मप्रमाणे परवानगी आहे म्हणे. मी म्हटलं, वय आणि वस्ती लिहिली तर ओळखीचा माणूस पाच मिनिटांत ओळखेल. “काका, कोण वाचतं हे अहवाल?” मी म्हटलं, मुलगा वाचेल. “बघू,” म्हणाल्या.

२४ मार्च, सोमवार

सोमवार : चहा. पाव, अंडं. रात्री भात, भाजी.
मंगळवार : काही नाही.
बुधवार : काही नाही.
गुरुवार : चहा.
शुक्रवार : काही नाही.
शनिवार : काही नाही.
रविवार : काही नाही.

अक्षर तेच. ओळ सरळ. रकाना चुकलेला नाही. काही खायचं नाही, पण लिहायचं मात्र न चुकता — असा माणूस!

भांडले? आजारी? माझ्यामुळे?

२५ मार्च

सिस्टरनाच विचारलं. त्यांनी वही मिटली. “बसा,” म्हणाल्या. त्या मला कधी बसा म्हणत नाहीत.

चौसष्ट गेल्या. पंधरा तारखेला, शनिवारी, झोपेत. मुलाचा फोन आला होता — फ्रिजवर आमचा कागद लावलेला दिसला, त्यावर फोन नंबर. “आई गेली. यापुढे काही पाठवू नका.” एवढंच बोलला. नीट बोलला, सिस्टर म्हणाल्या. एकट्याच होत्या हो आई, मी फार लांब, असंही म्हणाला.

एकट्याच होत्या!

मी मोजलं. या सबंध जगात तीनच माणसांना ठाऊक आहे की त्या एकट्या नव्हत्या. सिस्टर, प्रमुखबाई आणि मी. आणि चौथा आठ दिवस जेवलेला नाही.

२८ मार्च

प्रमुखबाईंना सांगितलं, कोणीतरी जायला हवं. त्या वाईट नाहीत. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. पण म्हणाल्या, “आपण गेलो, त्यांना खा म्हटलं, की त्यांचे आकडे आपले झाले, त्यांचे राहिले नाहीत. आणि आपल्याला हे कळलंच कसं, ते काय सांगणार? नियम आहे, काका. डॉक्टरांच्या समितीला कळवते.”

समिती पुढच्या महिन्यात बसते.

३१ मार्च, सोमवार

सातही दिवस. चहा, काही नाही, काही नाही, चहा, पाव (अर्धा), काही नाही, काही नाही.

अर्धा पाव. उरलेला अर्धा कोणी खाल्ला नाही, हे या वेळी मला लगेच कळलं.

सिस्टरकडे गेलो. तोंड उघडायच्या आत त्यांनी पत्त्यांची वही टेबलावर उघडी टाकली आणि म्हणाल्या, “मला शीतपेटी बघायचीय. दहा मिनिटं लागतील.” त्या पाठमोऱ्या असताना नदीपलीकडचा पत्ता हातावर पेनाने लिहून घेतला.

१ एप्रिल

गेलो.

बस बदलून पाऊण तास. चार मजली इमारत, खाली कुलपं दुरुस्त करणारा. पहिला मजला. घंटा वाजवली, वाटलं कोणी नाही. मग पावलं. दार उघडलं ते उंच, स्वच्छ दाढी केलेल्या माणसाने. सदऱ्याला इस्त्री! माझ्या डोक्यात कोणी वेगळाच होता — दाढी वाढलेला, पांघरुणातला. हा माणूस कडक इस्त्रीत उपाशी बसला होता. सदऱ्याची गळपट्टी मात्र मानेपासून दोन बोटं लांब.

मी म्हटलं, तुम्ही सोमवारी कागद टाकता ना पेटीत, ते मी टाइप करतो.

“काही चुकलं का लिहिण्यात?”

“नाही. अक्षर फार चांगलं आहे.”

आत घेतलं. एक टेबल, दोन खुर्च्या, त्यातली एक भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. मी वाटेत चार वाक्यं जुळवली होती. त्यातलं एक आठवेना. शेवटी सरळ म्हटलं, “चौसष्ट नंबरच्या बाई गेल्या ते मला कळलं. मला वाईट वाटतंय. तुमच्यासाठी.”

त्यांनी टेबलाची कड धरली. “माझ्यासाठी?”

“हो.”

“तुम्हाला कोणी सांगितलं, माझ्यासाठी म्हणून?”

मग सगळं सांगितलं. वाण, सव्वीस, अर्धं पेर, मीठ. सिस्टरना विचारायला लावलं ते माझ्यामुळे, हेही. रागावतील, हाकलतील अशी तयारी होती. ते ऐकत राहिले. मग बोलायला लागले ते थांबेनात.

ओळख आमच्याच बाकावर झाली. ऑगस्टमध्ये, पहिल्या दिवशी. दोघं आपापली डबी पिशवीत लपवून बसलेले, दोघांनाही लाज. बाईंनी त्यांच्या पिशवीकडे बघून म्हटलं, “तुमची पिशवी जड दिसतेय. माझ्याकडे एवढंच.” या माणसाला कित्येक वर्षांत कोणी एवढं हसवलं नव्हतं. मग एकदा चहा. मग मंगळवार. मग शुक्रवार. “मीठ रोज जास्त घालायची. मी लिहितो म्हणून मुद्दाम घालायची.”

लपवलं कशाला? “तिला वाटायचं, मुलगा म्हणेल, बाबांना विसरलीस. मी म्हटलं, मी येऊन सांगतो त्याला. म्हणाली, या वर्षी येईल तेव्हा. म्हणायची तेवढंच.”

अठरा तारखेला, मंगळवारी, दुपारी एक वाजता ते नेहमीसारखे पाव घेऊन गेले. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, त्या शनिवारीच गेल्या, तुम्ही कोण? “मी म्हटलं, पाववाला. दुसरं काय सांगणार? पाव घेऊन परत आलो. माणूस गेलं की चार लोक घरी येऊन बसतात. माझ्याकडे कोण येणार? आणि काय म्हणून येणार?”

बसून राहिलो. हेच बहुतेक करायचं असतं.

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, “ते तुम्ही म्हणता ते वाण — तिचे — अजून आहेत माझ्यात?”

“मार्चच्या नमुन्यात होते. तेवीस.”

“किती दिवस राहतील?”

इथे खोटं बोलणं सोपं होतं. नाही बोललो. म्हटलं, नक्की कोणालाच माहीत नाही. काही महिन्याभरात जातात. काही वर्षानुवर्षं राहतात. पण ते काही हवेवर जगत नाहीत. भाज्या, डाळी, वाटाणे, फळं — त्यातला जो चोथा आपल्याला पचत नाही, त्यावर त्यांचं पोट. तुम्ही नाही खाल्लं तर आधी तेच मरतात.

ते पुढे वाकले. “म्हणजे मी उपाशी राहतो तेव्हा...”

“हो.”

उठले. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज. एक गाजर, शिळा फ्लॉवर, मूठभर डाळ — सगळं एका भांड्यात. मी सोलायला बसलो. त्यांनी भिंतीकडची खुर्ची वळवून टेबलाला लावली. पहिला घास घशाखाली उतरेना त्यांच्या. पाणी प्यायले, पुन्हा घेतला. अर्धी वाटी. मी मोजली, सवयच ती.

दारात म्हणाले, “हे कागदावर लिहू ना?”

“लिहा.”

२ एप्रिल

काल रात्रीपासून एकच डोक्यात आहे. बायको गेली तेव्हा मला हे काम नव्हतं. तिचा नमुना कुठेच नाही. तिच्यातलं माझ्यात किती उरलंय ते या जगातला कुठलाच प्रोग्राम सांगू शकणार नाही — ताडून बघायला दुसरी बाजूच नाही. असेल. पंचवीस वर्षं एका टेबलावर जेवलो, काहीतरी असेलच. आणि मी चार वर्षं त्यांना बिस्किटांवर ठेवलंय!

वाटाणे आणले. पालक. डाळ भिजत घातली. ताट घेऊन बसलो.

मीठ जास्त झालं. बोललो मोठ्याने. रिकाम्या खोलीत कसंतरीच वाटलं.

३ एप्रिल

प्रमुखबाईंना स्वतःहून सांगितलं. त्यांनी दार लावलं. “माणूस म्हणून तुम्ही बरोबर केलंत. पण माझ्या अभ्यासात तुम्ही आता राहू शकत नाही.” एक्याण्णव बाद. जोडी बाद. मथळा बाद. अख्ख्या अभ्यासातला सगळ्यात सुंदर निकाल मी अर्ध्या वाटीत बुडवला. त्यांचा आवाज चढला नाही, त्यामुळे जास्त लागलं. पत्ता कुठून मिळाला विचारलं. म्हटलं, सांगणार नाही. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

एप्रिलअखेर माझं काम संपेल. तोवर दुसऱ्या खोलीत, जुन्या फायली.

निघताना म्हणाल्या, “खाल्लं त्यांनी?”
“अर्धी वाटी.”
मान हलवली. बस्स.

६ एप्रिल, रविवार

लेकीला खरं सांगितलं. नोकरी, बिस्किटं, चार वर्षं, सगळं. ती रडली. मी तिला रडवायला नको होतं. मग म्हणाली, “बाबा, मला वाटायचं मी फोन करते म्हणजे तुम्ही एकटे नाही.”

८ एप्रिल

मंगळवार. त्यांच्याकडे गेलो. आता नियम मोडण्याजोगाही उरलेला नाही. आम्हा दोघांना विशेष बोलता येत नाही. जेवलो. त्यांनी कुलुपवाल्याची एक गोष्ट सांगितली, ती गेल्या खेपेला सांगितलेलीच. ऐकली.

परत येताना बसमध्ये वाटलं, एकटेपणा गेला म्हणावं तर तसं काही नाही. दोन एकटे एका टेबलाशी बसले तर बेरीज दोन होत नाही दर वेळी. पण जेवण होतं.

३० एप्रिल

शेवटचा दिवस. पोरांनी कानातली बोंडं काढून हात मिळवले. एकाने विचारलं, “काका, तुम्ही नक्की काय काम करायचात?” सिस्टर जिन्यापर्यंत आल्या. “काका, जेवत जा,” म्हणाल्या आणि वळल्या.

अहवाल गेला. आकडे साधे, निकाल साधा. त्यात ती दोघं कुठेच नाहीत. जसं त्यांना हवं होतं तसं.

१३ मे

नोकरीसाठी दोन ठिकाणी अर्ज. एकाकडून उत्तर — वय.

दुपारी त्यांच्याकडे. वजन वाढलंय, गळपट्टी मानेला लागते. पण आज जेवताना एकदम थांबले. “तिच्या मुलाला वाटत असेल आई एकटीच मेली,” म्हणाले. “त्याला असं वाटू देणं बरं नाही. आणि मी जाऊन सांगणंही बरं नाही. ती नको म्हणाली होती.” उरलेलं ताट तसंच ठेवलं.

२० मे

तेच बोलले. पुन्हा.

३१ मे, शनिवार

चौसष्टच्या मुलाचा फोन. सिस्टरनी माझा नंबर दिला त्याला. आईचं घर आवरायला आलाय, तिची वही सापडली — आमचा कागद नव्हे, तिची स्वतःची. “रोज एकच ओळ,” म्हणाला. “सोमवारी ‘जेवले’. बुधवारी ‘जेवले’. पण मंगळवारी आणि शुक्रवारी ‘जेवलो’. आधी वाटलं हात चुकला. पण सात महिने कसा चुकेल?” मग म्हणाला, “आई कोणाबरोबर जेवायची? मला रागवायचं नाहीये हो. मला त्या माणसाला भेटायचंय.”

मी म्हटलं, तासाभराने फोन करतो.

बस पकडून नदीपलीकडे गेलो. दारातच उभ्याने सांगितलं, जसंच्या तसं. ते भिंतीला टेकले. मग सदऱ्याचं वरचं बटण लावलं, केसांवरून हात फिरवला, आणि म्हणाले,

“नंबर लावा. मी बोलतो.”